विक्रम कोणाचा, वही कोणाची?

भातकापणी उरकली आणि खाचरांतील ओल आटली की खर्डी, आटगाव, वासिंद या पट्ट्यात आणि पलीकडे मुरबाड तालुक्यात मोकळ्या जमिनींवर टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. सीमारेषा चुन्याची असते. पण ती कुठे बांध आडवा आला म्हणून आत सरकते, तर कुठे उतार लागला म्हणून बाहेर जाते. धावा लिहिणारा मुलगा शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा ओढत बसतो. सामना संपला, बक्षीस वाटले गेले की त्या वहीचे कामही संपते. तिच्यातील आकड्यावर पुढे कोणी हरकत घेत नाही, कारण तो आकडा कोणत्याही यादीत जाऊन बसणार नसतो.

याच लोहमार्गावर, खर्डीहून लोकलने सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेल्या कल्याणमध्ये जानेवारी २०१६ मध्ये एक आकडा लिहिला गेला आणि तो मात्र थेट जागतिक यादीत जाऊन बसला. प्रणव धनावडे नाबाद १००९. ज्या दिवशी तो यादीत गेला त्याच दिवशी त्याच्याविषयीचा वादही सुरू झाला, आणि तो अद्याप मिटलेला नाही. हा विक्रम खरा की खोटा, असा प्रश्न लोक विचारतात. वास्तविक आकडा खराच आहे. धावा झाल्या, त्या लिहिल्या गेल्या. वाद आहे तो वहीचा. कोणता सामना कोणत्या यादीत धरायचा आणि ते ठरवायचे कोणी, हा या वादाचा गाभा आहे. किंबहुना क्रीडाविश्वातील बहुतेक वादग्रस्त विक्रम तपासले, तर ते याच जागी येऊन अडतात.

कल्याणचे दोन दिवस

४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या युनियन क्रिकेट मैदानावर एच. टी. भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेतील के. सी. गांधी विद्यालय विरुद्ध आर्य गुरुकुल हा सामना झाला. स्पर्धा सोळा वर्षांखालील मुलांची आणि मुंबई क्रिकेट संघटनेच्या, म्हणजे एमसीएच्या अधिकृत यादीतील. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला. उत्तरादाखल के. सी. गांधी विद्यालयाने पहिल्याच दिवसअखेर १ बाद ९५६ अशी मजल मारली आणि त्यात सलामीवीर प्रणव नाबाद ६५२ होता. दुसऱ्या दिवशी त्याने हजाराचा टप्पा ओलांडला. ३२३ चेंडू, ३९५ मिनिटे, १२९ चौकार आणि ५९ षटकार. संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव ५२ धावांत संपला आणि के. सी. गांधी विद्यालय एक डाव व १३८२ धावांनी विजयी झाले.

या खेळीने मागे टाकलेला विक्रम ११६ वर्षांचा होता. इंग्लंडमधील क्लिफ्टन महाविद्यालयात जून १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने वसतिगृहांच्या आपसांतील सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. सांघिक धावसंख्येतही १९२६ मध्ये व्हिक्टोरियाने न्यू साऊथ वेल्सविरुद्ध केलेल्या ११०७ धावा मागे पडल्या. अर्थात व्हिक्टोरियाच्या धावा प्रथम श्रेणीच्या आहेत, कल्याणच्या नाहीत. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

हरकती कोणत्या?

कौतुकाचा पहिला पूर ओसरायच्या आत हरकती सुरू झाल्या. आर्य गुरुकुलचे सोळा वर्षांखालील नियमित खेळाडू परीक्षेमुळे उपलब्ध नव्हते आणि संघात बारा-तेरा वर्षांची, काही तर त्याहूनही लहान मुले उतरवावी लागली, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींनी पूर्ण लांबीच्या खेळपट्टीवर तोवर गोलंदाजीही केलेली नव्हती. वीसहून अधिक झेल सुटले, यष्टिचीत करण्याच्या संधी हुकल्या. मैदानाच्या एका बाजूची सीमारेषा जेमतेम ३० यार्डांवर असल्याचेही सांगितले गेले.

धावफलकाकडेच पाहिले तरी काही गोष्टी आपोआप दिसतात. १२९ चौकारांच्या ५१६ आणि ५९ षटकारांच्या ३५४ धावा, म्हणजे १००९ पैकी ८७० धावा सीमारेषेपलीकडच्या आहेत. पळून काढलेल्या धावा १३९. पंधरा वर्षांच्या मुलाने साडेसहा तासांहून अधिक काळ एकाग्रता ढळू न देता फलंदाजी करणे ही सामान्य गोष्ट नव्हे, हे प्रथम नमूद करावयास हवे. पण ३० यार्डांवरचा चौकार आणि ६५ यार्डांवरचा चौकार वहीत सारखाच दिसतो, हेही तितकेच खरे.

येथे कॉलिन्सची आठवण ठेवण्यासारखी आहे. क्लिफ्टनचे ते मैदानही चमत्कारिक होते. एका बाजूची सीमारेषा इतकी जवळ होती की तेथे फटका गेल्यास दोनच धावा मिळत. दुसऱ्या बाजूच्या उतारावर मात्र सगळ्या धावा पळून काढाव्या लागत. म्हणजे मैदान तोकडे आहे हे ओळखून त्या शाळेने धावांचे मोल आधीच कमी करून ठेवले होते. प्रतिस्पर्धी तिथेही कच्चेच होते आणि झेलही सुटले होते. इतकेच नव्हे, तर ६२८ हा आकडा वीस धावांनी इकडे-तिकडे असू शकेल, अशी कबुली खुद्द गुणलेखकाने दिल्याचे सांगितले जाते. तरीही शंभर वर्षांहून अधिक काळ तो आकडा निर्विवादपणे छापला गेला. जुनेपणाने विक्रमाला जे पावित्र्य येते, ते कल्याणच्या आकड्याला अजून आलेले नाही, एवढाच त्या दोहोंतील फरक आहे की काय, असे कधीकधी वाटते.

शिक्का कोणाचा?

हरकती कितीही रास्त असल्या तरी त्यांतील एकही हरकत विक्रमाच्या नियमात बसत नाही. प्रतिस्पर्धी संघ किती सबळ असावा, असा निकष ‘कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या’ या यादीला नाही. सामना मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतील आहे ना, पंच आणि गुणलेखक होते ना, धावफलक जुळतो ना, एवढेच पाहिले जाते. भंडारी चषक एमसीएचा असल्याने १००९ ला शिक्का मिळाला.

शिक्का नसला तर काय होते, याचे उदाहरणही फार दूर शोधावे लागत नाही. जानेवारी २०१८ मध्ये नवी मुंबईतील कोपरखैरणे येथे चौदा वर्षांखालील आंतरशालेय निमंत्रित स्पर्धेत तेरा वर्षांच्या एका मुलाने नाबाद १०४५ धावा केल्या. ५१५ चेंडू, १४९ चौकार, ६७ षटकार. आकड्याने पाहता तो प्रणवच्या पुढे गेला. मात्र ही स्पर्धा आपल्या मान्यतेची नाही, असे एमसीएने स्पष्ट केले आणि १०४५ हा आकडा यादीबाहेर राहिला. कल्याण आणि कोपरखैरणे, दोन्ही गावे जुन्या ठाणे जिल्ह्यातलीच. एका मुलाच्या धावा जगाच्या पुस्तकात, दुसऱ्याच्या धावा वर्तमानपत्रांच्या कात्रणात. दोघांच्या फलंदाजीत काय फरक होता, हे या निवाड्यात कोणी पाहिले नाही आणि पाहण्याची सोयही नाही.

शालेय क्रिकेटमधील विक्रमांना मुंबईची भूमी नवी नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी सेंट झेव्हियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ती जागतिक विक्रम म्हणून छापली गेली आणि २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करेपर्यंत टिकली. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने याच हॅरिस ढालीत रिझवी स्प्रिंगफिल्डकडून ५४६ धावा केल्या. या दोन्ही खेळींविषयी प्रतिस्पर्धी दुबळे होते, अशी हाकाटी फारशी झाली नाही. सेंट झेव्हियर्सच्या गोलंदाजांत पुढे भारताकडून कसोटी खेळलेला साईराज बहुतुले होता, हे एक कारण. सामने आझाद मैदानावर झाले, हे दुसरे. आणि तिसरे कारण स्पष्टच सांगायचे तर असे की, तेंडुलकर पुढे तेंडुलकर झाला आणि शॉने २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात शतक झळकावले. नंतरच्या कारकिर्दीने आधीच्या आकड्याला मागाहून साक्ष दिली. कल्याणच्या आकड्याला अशी साक्ष मिळाली नाही, म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. हा न्याय विचित्र आहे. २०१६ मध्ये केलेल्या धावा २०२० मध्ये काय घडले यावर खऱ्या किंवा खोट्या कशा ठरतील?

ग्रेस यांची शतके १२६ की १२४?

शाळकरी क्रिकेट म्हणजे पोरखेळ, तेथे असे व्हायचेच, असे कोणी म्हणेल. परंतु अव्वल क्रिकेटच्या वहीतही खाडाखोड आहे.

प्रथम श्रेणीचा सामना कशाला म्हणावे, याची व्याख्या तत्कालीन इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सने १९४७ मध्ये केली. तीन किंवा अधिक दिवसांचा, प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या आणि त्या दर्जाच्या मानल्या गेलेल्या दोन संघांमधील सामना तो प्रथम श्रेणीचा. ही व्याख्या मागील काळाला लागू नाही, असेही तेव्हाच सांगितले गेले. परिणामी १९४७ पूर्वीचे सामने कोणते धरायचे, हे सांख्यिकी जमवणाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या परंपरेने चालत आलेल्या धावा ५४,८९६ आणि शतके १२६. ब्रिटनमधील क्रिकेट संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने सामने चाळून काही वगळले, तेव्हा धावा ५४,२११ आणि शतके १२४ उरली. दोन्ही आकडे आजही छापले जातात. ग्रेस १९१५ मध्येच निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांची दोन शतके गेली.

जॅक हॉब्स यांच्या बाबतीत उलटे झाले आणि त्यात आपल्याकडचा धागा आहे. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी १९३०-३१ मध्ये स्वतःचा संघ घेऊन भारत आणि सिलोनचा दौरा काढला आणि त्यात हॉब्स यांना खेळवले. एका संस्थानी पुरुषाने हौसेने भरवलेले ते सामने प्रथम श्रेणीचे धरावेत की नाही, यावर मतभेद आहेत. न धरल्यास हॉब्स यांची शतके १९७, धरल्यास १९९. जगातील सर्वाधिक प्रथम श्रेणी शतकांचा विक्रम कोणत्याही हिशेबाने हॉब्स यांचाच राहतो. पण नेमका आकडा कोणता, हे आपण कोणते पुस्तक उघडतो यावर अवलंबून आहे.

पुण्यात अडलेल्या नऊ धावा

याच्या अगदी विरुद्ध टोकाची गोष्ट महाराष्ट्राची आहे. येथे शिक्का होता, दर्जा होता, मैदान होते; नव्हता तो फक्त अर्धा तास.

डिसेंबर १९४८. पुणे क्लबच्या मैदानावर रणजी करंडक सामन्यात काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राच्या वतीने कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळपट्टीवर उभे राहिले ते ४९४ मिनिटे. दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी कमल भांडारकर (२०५) यांच्या साथीने ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी मध्यंतराला खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा झाल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तोपर्यंतची सर्वोच्च खेळी डॉन ब्रॅडमन यांची होती. जानेवारी १९३० मध्ये सिडनीत क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा, विक्रमाला दहा.

काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब होते. आपल्या संघाच्या नावावर असला विक्रम नको, अशी त्यांची भावना झाली. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अन्यथा आम्ही निघतो, असे त्यांनी कळवले. विक्रमासाठी एक-दोन षटके तरी द्या, अशी विनवणी महाराष्ट्राच्या बाजूने झाली, असे सांगतात. ती मानली गेली नाही. काठियावाडने सामना सोडून दिला आणि खेळाडू मैदानाबाहेर पडले. आपण विक्रमाच्या इतके जवळ आलो आहोत, याची निंबाळकरांना खेळताना कल्पनाही नव्हती.

निंबाळकरांच्या ४४३ मध्ये ४९ चौकार आणि एक षटकार होता. म्हणजे २०२ धावा सीमारेषेच्या आणि उरलेल्या २४१ पळून काढलेल्या. कल्याणच्या धावफलकाशेजारी हा ठेवला की दोन खेळींचा पोत किती वेगळा आहे ते दिसते. ब्रॅडमन यांचा विक्रम पुढे जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला. पाचशेव्या धावेसाठी पळताना ते धावचीत झाले. त्यानंतर जून १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी वॉरविकशायरकडून डरहॅमविरुद्ध नाबाद ५०१ केल्या. निंबाळकरांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळावयास मिळाली नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापूर येथे, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, त्यांचे निधन झाले. रणजी करंडकातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या म्हणून त्यांच्या ४४३ धावांना आजवर कोणी मागे टाकलेले नाही.

ठाकूरसाहेबांना आज दोष देणे सोपे आहे. पण कल्याणच्या मैदानावर दोन दिवस चेंडू आणायला पळालेल्या त्या लहान मुलांचा विचार केला की दुसरी बाजूही डोळ्यांपुढे येते. हरलेल्या संघालाही सामना थांबवावासा वाटू शकतो. ठाकूरसाहेबांच्या हातात तो अधिकार होता, आर्य गुरुकुलच्या मुलांच्या हातात नव्हता.

वाळूवरच्या दोन वह्या

एकाच खेळाच्या दोन वह्या एकाच वेळी चालू लागल्या तर काय गोंधळ होतो, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील बीच व्हॉलीबॉलकडे वळावे लागते. शहापूर-मुरबाडच्या वाचकाला वाळूवरचा हा दोघा-दोघांचा खेळ दूरचा वाटेल. पण विक्रम आणि क्रमवारी यांचे भांडण येथल्याइतके उघडे क्वचितच पाहावयास मिळते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील व्यावसायिक खेळाडूंनी १९८३ मध्ये स्वतःची संघटना काढली, तिचे नाव असोसिएशन ऑफ व्हॉलीबॉल प्रोफेशनल्स, अर्थात एव्हीपी. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने १९८७ मध्ये रिओ द जानेरोच्या इपानेमा किनाऱ्यावर आपली स्पर्धा भरवली आणि १९८९ पासून स्वतःची जागतिक मालिका सुरू केली. इपानेमाची ती पहिली स्पर्धा सिनजिन स्मिथ आणि रँडी स्टोक्लॉस या अमेरिकी जोडीने जिंकली. मग ते जगज्जेते की नाहीत? महासंघाच्या हिशेबाने अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली आणि १९८७ ते १९९६ दरम्यानच्या स्पर्धा अनधिकृत ठरल्या. जिंकताना जे जगज्जेतेपद होते, ते दहा वर्षांनी कंसातले झाले.

कारकिर्दीतील सर्वाधिक विजेतेपदांचा पुरुषांचा विक्रम स्मिथ यांच्या १३९ विजेतेपदांवर बराच काळ उभा होता. १९९९ मध्ये कार्च किराय यांनी १४० वे विजेतेपद मिळवून तो मोडला आणि २००७ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची बेरीज १४८ होती. या बेरजांत एव्हीपीच्या स्थापनेपूर्वीच्या स्पर्धा आहेत, एव्हीपीच्या आहेत आणि महासंघाच्याही आहेत. कोणी फक्त एव्हीपीच्या मोजल्या वा फक्त महासंघाच्या मोजल्या तर आकडे वेगळे येतात. त्यात २००१ पासून मैदानाची प्रत्येक बाजू नऊ बाय नऊ मीटरवरून आठ बाय आठ झाली आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळण्याची जुनी पद्धत जाऊन प्रत्येक चेंडूवर गुण मिळू लागला. मोठ्या मैदानावरचे विजय आणि लहान मैदानावरचे विजय एकाच रकान्यात लिहिले जातात. सीमारेषेचा कल्याणचा प्रश्नच येथे वेगळ्या वेषात उभा राहतो.

क्रमवारीचे भांडण पेटले ते १९९६ मध्ये. अटलांटा ऑलिम्पिकमध्ये बीच व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि पात्रतेची वही महासंघाच्या हाती गेली. त्याच्या क्रमवारीत गुण मिळायचे ते फक्त महासंघाच्या स्पर्धांचे. एव्हीपीतील दिग्गज त्या स्पर्धांत क्वचितच खेळत, त्यामुळे जगातील सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या जोड्या जागतिक क्रमवारीत दिसेनात. स्मिथ यांनी मात्र महासंघाच्या मालिकेत खेळणे चालू ठेवले होते. ते आणि कार्ल हेन्केल क्रमवारीच्या बळावर थेट पात्र ठरले. किराय-केंट स्टेफिस आणि माइक डॉड-माइक व्हिटमार्श या जोड्यांना बाल्टिमोर येथील निवड स्पर्धेतून यावे लागले. अटलांटात किराय-स्टेफिस यांची स्मिथ-हेन्केल यांच्याशी गाठ पडली, तो सामना १७-१५ असा अटीतटीचा झाला आणि किराय जिंकले. सुवर्णपदकही त्यांनाच मिळाले, रौप्यपदक डॉड-व्हिटमार्श यांना. एव्हीपीचे समर्थक म्हणाले, पाहा, खरी क्रमवारी कोणती ती. त्यावर १७-१५ हा आकडा दाखवून दुसरी बाजूही बोलू शकत होती.

पहिले कोण? खाशाबा की प्रिचर्ड?

मराठी वाचकाला सर्वांत जिव्हाळ्याचा वाद शेवटी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक म्हणून आपण ते शिकलो. मात्र आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या वहीत १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांतील दोन रौप्यपदके भारताच्या नावावर आहेत. ती मिळवणारे नॉर्मन प्रिचर्ड हे कलकत्त्यात जन्मलेले ब्रिटिश गृहस्थ. ऑलिम्पिकच्या काही इतिहासकारांच्या मते ते ब्रिटनच्या वतीने उतरले होते आणि जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत त्यांना ब्रिटनचेच दाखवले. ऑलिम्पिक समितीने मात्र आपली नोंद बदललेली नाही.

एकाच धावपटूच्या एकाच दिवसाच्या धावण्याच्या अशा दोन नोंदी आहेत. म्हणून खाशाबांच्या नावामागे ‘स्वतंत्र भारताचे पहिले’ अशी शब्दयोजना करावी लागते. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले तेव्हाही ‘ॲथलेटिक्समधील पहिले सुवर्ण’ असे लिहिणारे निर्धास्त होते. ‘पहिले पदक’ लिहिणाऱ्यांना प्रिचर्ड आडवे आले. गोळेश्वरच्या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. त्याच्या ‘पहिलेपणा’लाही विशेषण लावावे लागावे, याची रुखरुख वाटते, पण वहीतील नोंद भावनेने बदलत नाही.

पुन्हा कल्याण

यादीतून १००९ हा आकडा काढून टाकावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटत नाही. त्या मुलाने नियम मोडला नाही. समोर जो संघ उभा केला गेला, जे मैदान आखून दिले गेले, त्यावर तो खेळला. चूक झाली असेल तर ती मोठ्यांची. सोळा वर्षांखालील स्पर्धेत किमान किती वयाचे खेळाडू उतरवावेत, सीमारेषा किमान किती यार्डांवर हवी, एका डावाने किती षटकांपर्यंत चालावे, हे ठरवणे आयोजकांचे काम आहे. आणि शालेय सामन्याचा धावफलक जतन करताना सीमारेषेचे अंतर आणि दोन्ही संघांची वये त्यावर लिहिण्यास खर्च तो किती? क्लिफ्टनच्या शाळेला १८९९ मध्ये जे सुचले, ते आपल्याला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

या आकड्याचे ओझे मात्र मुलाला वाहावे लागले. प्रणवचे वडील कल्याणमध्ये रिक्षा चालवत. विक्रमानंतर एमसीएने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. सत्कार झाले, कॅमेरे आले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक डावाकडे हजार धावा केलेला मुलगा आज किती करतो, अशाच नजरेने पाहिले जाऊ लागले. नेहमीच्या सामन्यात एखाद्या होतकरू फलंदाजाने चाळीस धावा करून बाद होणे ही बातमी नसते; त्याच्या बाबतीत ती बातमी होऊ लागली. त्याचा सूर हरपला. दोन वर्षांतच त्याच्या वडिलांनी एमसीएला पत्र लिहिले. मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नसल्याने शिष्यवृत्ती थांबवावी, अशी विनंती त्यांनी त्यात केली होती.